खंडोजींवर गेलेला नातू

चिक्कपेटेच्या कापडबाजारात कुणाच्या हातात अवघड रंगाचं कापड आलं, की कापडवालेच सांगायचे, "खंडोजी मास्तरकडे जा. त्यांचा धागा कापडात विरघळतो." मग बनशंकरीपासून हेब्बाळपर्यंतच्या बायका पिशव्या घेऊन त्या अरुंद गल्लीतल्या दुकानाची पायरी चढायच्या. चिंतामणी, डाळिंबी, मेंदी, मोरपंखी, कसलंही कापड आणा. शिवून हातात पडलेल्या ब्लाउजवर टाका शोधायला नख फिरवावं लागायचं. शहाजीराजांच्या फौजेमागून तंबू शिवत आपले पूर्वज या कानडी मुलखात आले, फौज गेली तरी ते सुई-दोऱ्यासकट इथंच राहिले, असं घरात सांगत. त्या साऱ्या पिढ्यांत रंगाची अशी नजर कुणाची झाली नाही, असंही लोक म्हणत, आणि खंडोजी मिशीतल्या मिशीत हसत.

हसण्यासारखंच होतं ते. कारण खंडोजींना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता.

डोळे तसे घारीचे. सुईत दोरा ओवायला उतारवयातही त्यांना चष्मा लागत नसे. पण हिरवा आणि तपकिरी, गुलाबी आणि राखी या जोड्या त्यांच्या लेखी जुळ्या बहिणी होत्या. हे गुपित जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं, त्यांच्या पत्नीला, अहल्याबाईंना. लग्न नवं असताना त्यांनी बायकोच्या हिरव्या चुड्याकडं प्रेमानं बघून म्हटलं होतं, "या तपकिरी बांगड्या तुला शोभतात हां." अहल्याबाई आधी रुसल्या, मग विचारात पडल्या, आणि मग पदर खोचून कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या काज-बटणं करायच्या निमित्तानं दुकानात दाराशी बसू लागल्या. गिऱ्हाइकानं पिशवीतून कापड काढलं रे काढलं, की त्या मोठ्यांदा म्हणायच्या, "अगबाई, काय सुंदर डाळिंबी आहे हो!" किंवा, "हा पोपटी कुठं मिळाला तुम्हाला?" लोकांना वाटायचं, मास्तरांची बायको फार बोलकी. खंडोजींना तेवढंच हवं असायचं. भिंतीवरच्या फळीत रिळं ठरल्या जागी असत, तिथं हात गेला की काम झालं. त्या फळीला तिसऱ्या माणसानं हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. जावई अरविंद, सासऱ्यांना मामा म्हणणारा, वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसत होता. मोठ्या कारागिराची एखादी विक्षिप्त सवय असायचीच, असं धरून तोही आपली रिळं वेगळ्या डब्यात ठेवून फळीपासून लांब राहिला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण अरविंदच्या मुलानं, अभिराजनं, त्या नवरात्रात एका नवरीचा हिरवागार रेशमी ब्लाउज बापाच्या डब्यातल्या तपकिरी धाग्यानं शिवून ठेवला.

पोरगा यंदाच एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाला होता. कॉलेजात त्याचं मन नव्हतं, त्याला मशीनवर बसायचं होतं. कात्री त्याच्या हातात अशी चालायची की खंडोजीही काम थांबवून बघत राहायचे. दोष कापण्यात नव्हताच. टाका बारीक होता, सरळ होता आणि दहा पावलांवरून दिसत होता. नवरीच्या आईनं ब्लाउज टेबलावर आपटला.

"डोळे कुठं ठेवले होतेस?" गिऱ्हाईक गेल्यावर अरविंद पोरावर कडाडला. "मागं गुलाबी परकराला राखी धागा, आज हे! लक्ष म्हणून नाही!"

"लक्ष होतं, अप्पा. मला तो हिरवाच वाटला."

"उलट बोलू नकोस. दसरा झाला की शिवाप्पाच्या वायरिंगच्या दुकानात जायचं. इथं परत मशीनला हात लावायचा नाही."

खंडोजींच्या घराण्यात एक रीत होती. खंडेनवमीला, म्हणजे तिकडच्या बोलीत आयुधपूजेला, मशीनं, कात्र्या, इस्त्र्या पुजायच्या. दसऱ्याच्या सकाळी घरातल्या नव्या हातानं हिंगुळांबिका देवीसाठी चोळी शिवायची, तीही स्वतः धागा निवडून. ती शिवली की त्याला मशीन मिळालं. अभिराज त्या दिवसाची वाट लहानपणापासून बघत होता. आता तो कोपऱ्यात उसवणी घेऊन बसला आणि एकेक तपकिरी टाका काढू लागला. तपकिरी म्हणजे कुठला, हे त्याला अजूनही दिसत नव्हतं.

खंडोजींना तो सगळा प्रकार ओळखीचा होता. आपल्या वडिलांची थप्पड त्यांना अशाच कारणानं बसली होती. 'सांगावं का आता?' त्यांनी मनाला विचारलं. मन म्हणालं, चिक्कपेटे हसेल. त्यांनी कापडावर खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली.

संध्याकाळी बनशंकरीतल्या त्यांच्या एकत्र घरी मात्र वेगळंच घडलं. अभिराजची थोरली बहीण दिव्यश्री पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, विज्ञानाला. दुपारी भावाचा प्रताप ऐकल्यावर ती कुणाशी न बोलता कॉलेजात गेली होती आणि लेक्चरर मॅडमच्या मिनतवाऱ्या करून एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर तिनं ते सतरंजीवर उघडलं. पानोपानी नुसते रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत दडलेला एकेक आकडा.

"आई, काय दिसतं?"

मथुरानं, खंडोजींच्या लेकीनं, चटकन आकडा सांगितला. अरविंदनंही सांगितला, अहल्याबाईंनीही. "लहान पोरांचा खेळ आहे का हा?" अरविंद म्हणाला.

"अभी, तू सांग."

अभिराज वाकला. डोळे बारीक केले, मोठे केले. "अक्का, इथं काही नाही. ठिपकेच आहेत."

"नाटक करतो!" अरविंद म्हणाला.

नातवाच्या खांद्यावरून खंडोजी बघत होते. त्यांनाही ठिपकेच दिसत होते. ते हळूच मागं सरकले आणि भिंतीला टेकून बसले.

"नाटक नाही, अप्पा," दिव्यश्री म्हणाली. "ह्याला लाल-हिरवा वेगळे दिसतच नाहीत. जन्मापासून. ह्यात ह्याचा आळस नाही. आणि तुम्ही ह्याला वायरिंगला पाठवताय! तिथं लाल वायर आणि हिरवी वायर ह्यानं उलटी जोडली तर?"

अरविंदचा चेहरा उतरला. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मथुरानं मुलाचा हात धरून त्याला जवळ ओढलं. "पण असं झालं कशानं? मी त्याच्या वेळी काही चुकीचं खाल्लं का गं?"

"थांब, सांगते." दिव्यश्रीनं शिवणाचा डबा ओढला आणि त्यातली बटणं सतरंजीवर ओतली. कोटाची मोठी, शर्टाची छोटी. तिच्या हालचाली बघून खंडोजींना मौज वाटली. कापड बेतायच्या आधी आपण असेच हात मोकळे करतो.

"आपलं शरीर कसं बनवायचं, याच्या सूचना आई-बापांकडून येतात. प्रत्येक गुणाच्या दोन. एक आईची, एक बापाची."

"ते माहीत आहे की," अरविंद म्हणाला. "दोघांचं रक्त मिसळतं. हंड्यात दोन रंग ओतल्यासारखं."

"तिथंच सगळे चुकतात, अप्पा. निळ्यात पिवळा ओतला की हिरवा होतो. त्यातून निळा परत काढता येईल?"

"कसा येईल?"

"आणि दोन धाग्यांना पीळ घातला, तर?"

"पीळ सोडला की दोन्ही जसेच्या तसे."

"हां! सूचना अशा असतात. मिसळत नाहीत. वरून एकच दिसेल, दुसरी आत झाकलेली असेल, पण संपत नाही. एका मठातल्या साधूनं हे वाटाण्याच्या वेलांवर शोधून काढलं. उंच वेल आणि बुटका वेल यांची जोडी लावली. पहिल्या पिढीत सगळे उंच. लोकांना वाटलं, बुटकेपणा गेला. मग त्याच उंच वेलांचं बी पेरलं, तर चारात एक बुटका परत हजर!"

"लपून बसला होता लबाड," अहल्याबाई म्हणाल्या.

"बरोब्बर, अज्जी. आता हे बघा." तिनं दोन मोठी बटणं मथुरापुढं ठेवली. अरविंदपुढं एक मोठं आणि एक छोटं ठेवलं. "लाल-हिरवा ओळखायची सूचना ह्या मोठ्या बटणात असते. बायकांकडे मोठी दोन. पुरुषांकडे मोठं एक, छोटं एक. छोट्यात ती सूचनाच नाही. मूल होताना आई आपल्या दोन्हींतलं कुठलंही एक देते, नाणं उडवल्यासारखं. बापानं मोठं दिलं तर मुलगी होते, छोटं दिलं तर मुलगा."

मथुरा बटणांकडं बघत राहिली. "म्हणजे मुलगी होणं बापाकडून ठरतं?"

"हो."

"तुझ्या वेळी तुझ्या आत्यांनी मला काय काय ऐकवलं होतं!" मथुरानं नवऱ्याकडं असं पाहिलं की अरविंद घसा खाकरत म्हणाला, "सरी, सरी. पुढं सांग."

"पुढं सोपं आहे. अप्पांनी अभीला छोटं बटण दिलं. म्हणून अप्पांच्या घराण्याचा ह्यात काही संबंध नाही. अभीकडे मोठं एकच, ते आईचं. आणि ते," तिनं डब्यातून एक टवका उडालेलं बटण काढलं, "असं आहे. आईला रंग नीट दिसतात, कारण तिचं दुसरं बटण धड आहे. तेवढं पुरतं. अभीकडे दुसरं नाहीच."

खंडोजी ऐकत होते आणि त्यांच्या छातीत दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. पोरगी पायरी पायरीनं वर येत होती, मुलाकडून आईकडं, आईकडून पुढं. आता पुढची पायरी म्हणजे खुद्द आपण. आणि तरी, एवढ्याशा मुलीनं बटणांचा हा बेत ज्या सफाईनं मांडला होता, एकही चुणी न पडू देता, ते बघून त्यांना वाटत होतं, गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना बोलावून आणावं आणि म्हणावं, बघा, ही माझी नात.

"मग मला ते कुणाकडून आलं?" मथुरानं विचारलं.

"दोनच वाटा. अज्जांना रंग दिसत नसते, तर तुला ते बटण मिळालंच असतं. त्यांच्याकडे मोठं एकच, तेच ते लेकीला देणार. नाहीतर अज्जीकडे ते झाकलेलं असणार."

अरविंद खो खो हसत सुटला. "मामांना रंग दिसत नाहीत! जा, चिक्कपेटेत सांग जा, चपला फेकून मारतील!" मथुराही हसली. अभिराजसुद्धा, इतक्या वेळात पहिल्यांदा, हसला.

दिव्यश्रीही हसत म्हणाली, "म्हणून तर. अज्जांची वाट बंद. राहिली अज्जी. अज्जी, हे तुमच्याकडून आलं."

अहल्याबाईंनी नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "असेल बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या माहेरी एक काका होते, तेही असंच काहीबाही करायचे. माझ्याकडूनच आलं असणार."

काका कुणी नव्हते. खंडोजींना ते पक्कं माहीत होतं. सासुरवाडीची सगळी माणसं त्यांच्या ओळखीची होती.

"तरी मला वाटायचंच," अरविंद मान हलवत म्हणाला, "मामांच्या रक्तात हे असणं शक्य नाही. सासूबाईंच्या माहेरची खोट. जाऊ दे. बाहेर मात्र बोलू नका. उद्या दिव्याचं लग्न व्हायचंय. आणि अभी, तुला दुसरं काहीतरी बघू. वायरिंग नको. पण शिलाईही नको, बाळा. देवीच्या चोळीचं विसर. हा धंदा डोळ्यांचा आहे."

अभिराजनं मान खाली घातली. दिव्यश्री वहीत घराची वंशावळ मांडत भावासाठी एक काळा चौकोन काढत होती. वर आईचा गोल, त्यात मध्ये झाकलेल्या बटणाचा एक ठिपका. त्याच्या वर अज्जीचा गोल. ती त्यात ठिपका द्यायला गेली.

"थांब," खंडोजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुझं गणित बरोबर आहे, पोरी. एक टाका चुकला नाही. पण गणितात जे दिलेलं म्हणून धरलंस, ते चूक आहे."

"काय चूक आहे, अज्जा?"

खंडोजी भिंतीपासून उठले. येऊन नातवाशेजारी मांडी घालून बसले आणि ठिपक्यांचं पुस्तक आपल्यापुढं ओढलं. "उघड कुठलंही पान."

तिनं उघडलं.

"ठिपके," खंडोजी म्हणाले. "पुढचं उघड. ठिपके. त्याच्या पुढचं? ठिपके. पुस्तकभर ठिपकेच आहेत." त्यांनी अभिराजच्या पाठीवर हात ठेवला आणि मान ताठ केली. "त्या बिचारीच्या माहेराला कशाला नावं ठेवता? हा दुसऱ्या कुणावर गेला नाही. हा माझ्यावर गेलाय."

अरविंद हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. सासूबाईंचे डोळे भरलेले त्याला दिसले.

"मामा, पण मग... इतकी वर्षं? ते चिंतामणी, ते मोरपंखी?"

"नाव माझं, डोळे हिचे." खंडोजींनी अहल्याबाईंकडं बोट केलं. "ती 'अगबाई' म्हणत रंग सांगायची, मी फळीत हात घालायचो. तुला वीस वर्षांत कळलं नाही, मग आम्ही कारागीर बरे म्हणायचे की नाही?"

"आणि मी तिला बडबडी म्हणायचे!" मथुरा म्हणाली आणि आईच्या कुशीत तोंड लपवून हसली की रडली, कळलं नाही.

"धंदा डोळ्यांचा आहे, खरं," खंडोजी जावयाला म्हणाले. "पण डोळे आपल्याच खोबणीतले पाहिजेत, असं कुठं आहे? कात्री ह्याच्या हातात आहे. रंग विचारता येतो. मी लाजेनं विचारला नाही, म्हणून हिला आयुष्यभर दारात बसून बडबड करावी लागली. ह्यानं उघड विचारावा. दसऱ्याला चोळी हा शिवेल."

"आणि लोक?" अरविंद हळू आवाजात म्हणाला. "दिव्यासाठी स्थळ बघायचं तर लोक विचारतील ना, मामा."

खंडोजींनी नातीकडं पाहिलं. हा तिचा प्रश्न होता, उत्तर तिनंच द्यायचं होतं.

"विचारू देत," दिव्यश्री म्हणाली. "माझ्याकडे ते बटण असेल किंवा नसेल, नाणेफेक आहे. पण जो विचारायला येईल, त्याला मी बटणं मांडून समजावीन. समजलं तर बसेल, नाहीतर जाईल." मग तिनं वहीतला अज्जीचा गोल कोराच ठेवला आणि शेजारी अज्जांचा एक चौकोन काढून पेन्सिलीनं गच्च काळा केला. "पण अज्जा, एक गंमत सांगू? अभीच्या मुलग्यांना हे त्याच्याकडून येणार नाही. त्यांना तो छोटं बटण देणार. लेकींना मात्र हेच बटण देईल. म्हणजे परत एखादा नातू..."

"येऊ दे," खंडोजी म्हणाले. "त्याला शिकवायला अभी असेल."

दसऱ्याला सकाळी गल्लीभर दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी पडल्या होत्या, मशीनांवर झेंडूच्या माळा होत्या. देवीचा खण पाटावर ठेवला होता. अभिराजनं तो हातात घेतला, उजेडात धरला, आणि दुकानात जमलेल्या सोयऱ्यांच्या देखत स्पष्ट विचारलं, "अक्का, हा कुठला?"

"लाल. काठ हिरवा."

"तांबडं रीळ कुठलं?"

तिनं दाखवलं. जमलेल्यांत कुजबुज झाली. कुणी तरी हसलं. अभिराजचे कान गरम झाले, पण मशीनचं चाक फिरलं आणि पहिली शिवण निघाली, दोरीसारखी सरळ. दुपारी देवळात पुजाऱ्यानं चोळी हातात घेतली आणि टाका दिसेना म्हणून ती उलटी करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच राजलक्ष्मीअम्मा आल्या. नामी गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ. लेकीच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी एक साडी आणली होती. खंडोजींनी ती उलगडली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अम्मा, हा रंग कुठला हो?"

राजलक्ष्मीअम्मांनी चष्मा वर केला. "काय मास्तर, म्हातारे झालात? तुम्ही मला रंग विचारता?"

"म्हातारा नाही. मला लाल-हिरवा पहिल्यापासून कळत नाही. नातवालाही कळत नाही, तो माझ्यावर गेलाय."

"अय्यो! मग इतकी वर्षं माझे ब्लाउज?"

"कसे होते?"

"होते चांगले," अम्मा नाइलाजानं म्हणाल्या. "पण असं कसं झालं?"

"तीच तर सांगायची गोष्ट आहे. कुणाला कळलं नव्हतं, माझ्या बापाला नाही, मला नाही. आमच्या दिव्यश्रीनं शोधून काढलं. पीयूसीत आहे ती, विज्ञानाला. बसा ना, अम्मा. अभी, खुर्ची दे. हे असं असतं बघा, की मुलाला आईकडून..."

"मास्तर, मला घाई आहे. साडी पिंगट आहे, मापं घ्या."

"स्वल्प थांबा हो," खंडोजी म्हणाले. मापाची फीत त्यांच्या गळ्यातच राहिली आणि ते खुर्ची जवळ ओढून समोर बसले. "आधी वाटाण्यापासून सांगतो."